टाचदुखीचा मुलजिम कोण: बूट की उभे राहणे?

व्यापारी बंधूंनो, आपल्या धंद्यात पै-पैचा हिशेब वहीत चढतो; पण एक खाते असे आहे की ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. ते म्हणजे आपल्या पायांचे खाते. आमचे हे खाते चार वर्षांपूर्वी तोट्यात गेले, तेव्हा आमचे डोळे उघडले. तोच तजुर्बा येथे मांडत आहोत.

आमचे कापडाचे दुकान आहे. फजरला उठून पहिले पाऊल टाकले की उजव्या टाचेखाली खिळा टोचल्यासारखी कळ येई. दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होई आणि दुकान वाढवण्याच्या वेळी पुन्हा हजर. सर्वांनी एकच सल्ला दिला, बूट बदला. आम्ही एका वर्षात तीन जोड बदलले. फरक काहीच नाही.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "दिवसातून बूट पायात किती तास असतात?" हिशेब केला तेव्हा जाण्या-येण्याचा मिळून एक तास भरला. आमच्याकडे पादत्राणे दाराशी काढण्याचा रिवाज आहे. बाकीचे दहा तास आम्ही काउंटरमागे अनवाणी, कडक फरशीवर. म्हणजे गुन्हा घडताना जो हजरच नव्हता, त्यालाच आम्ही मुलजिम ठरवले होते!

दुखते ते काय?

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. बीमवरचा ताणा एकाच जागी सतत घासला की तेथेच धागा कमजोर होतो, तसेच या पट्ट्याचे टाचेजवळ होते. रात्री पाय आराम करतो, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पहिली कळ सर्वांत तीव्र. चाळिशी ते साठीच्या वयात हे दुखणे जास्त आढळते. वजन वाढलेले असणे, पोटऱ्या आखडलेल्या असणे आणि कडक जमिनीवर तासन् तास उभे राहणे ही त्याची मुख्य कारणे.

"टाचेचे हाड वाढले" असे ऐकून पुष्कळ लोक घाबरतात. पण एक्स-रेमध्ये असे हाड कित्येक न दुखणाऱ्या पायांतही दिसते. त्यामुळे सगळा दोष त्या हाडाला देणे बरोबर नाही.

मग बूट निर्दोष आहे काय?

तसेही नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या लूमवर जाऊन पाहा. बारा तासांची पाळी, खाली सिमेंटची जमीन आणि पायात झिजून कागदासारखी झालेली रबरी चप्पल. ती असून नसल्यासारखीच. तेथे पादत्राणाचा दोष नक्की आहे; पण तो अर्धाच. उरलेला अर्धा दोष त्या बारा तासांचा.

आपली चप्पल किंवा बूट उलटा करून पाहा. टाच एका बाजूला झिजली असेल तर तो बदलावा. दोन्ही हातांनी पिळून पाहा. ओल्या कापडासारखा पिळला जात असेल तर त्यात आधार उरलेला नाही. चांगला बूट बोटांजवळ वाकतो, मधोमध नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मापावेत, मोठ्या पायाचे माप घ्यावे आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी.

रंगाई आणि प्रोसेसच्या कामावर गमबूट टोचतात म्हणून काही कारागीर ते काढून ठेवतात. असे करू नये. केमिकलने भाजलेला पाय टाचदुखीपेक्षा महाग पडतो. आत जाड गादी घालावी, बूट सोडू नये.

गादी गेली, काउंटर आला

पूर्वी आपण गादीवर बसून थान उलगडत होतो. काउंटर आले, फरशी चकचकीत झाली आणि सेल्समन दिवसभर उभा राहू लागला. बसलेला नोकर आळशी, अशी मालकाची समजूत झाली. आमचीही होती. वास्तविक १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. केरळात कापड दुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तेथील दुकान कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली.

इलाज काय?

अंथरुणातून उठण्यापूर्वी पाय सरळ ठेवून चवड्याला टॉवेल अडकवावा आणि अर्धा मिनिट आपल्याकडे ओढावा. असे तीनदा करावे. भिंतीला हात टेकून पोटऱ्याही ताणाव्यात. पाणी गोठवलेली बाटली संध्याकाळी तळव्याखाली फिरवावी. काउंटरमागे जाड रबरी चटई टाकावी, घरातही फरशीवर मऊ चप्पल घालावी. वजन उतरवावे. आराम पडायला महिने लागतात, पण बहुतेकांना वर्षाच्या आत पडतो. झटपट आरामासाठी टाचेत पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेऊ नये. त्याने हा पट्टा तुटण्याचाही धोका असतो.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी राहू नये, बर्फ लावू नये आणि रोज रात्री तळवे तपासावेत. पाय बधिर होणे, सूज किंवा लाली येणे, जखम न भरणे, रात्री झोपेतही दुखणे, यांपैकी काही असेल तर घरगुती इलाज सोडून डॉक्टर गाठावा.

आम्हाला सात महिन्यांत आराम पडला. पण एक गोष्ट आजही खटकते. आमच्याकडे अकरा वर्षे काम केलेला एक सेल्समन होता. गिऱ्हाईक नसताना तो कापडाच्या गठ्ठ्यावर टेकायचा आणि आम्ही त्याला चारचौघांत टोकायचो. "शेठ, टाच दुखते," असे तो म्हणाला, तेव्हा आम्ही त्यालाही बूट बदलायला सांगितले. पुढे तो काम सोडून गेला आणि त्याच्या ओळखीची गिऱ्हाइकेही हळूहळू कमी झाली. आता काउंटरमागे चार स्टूल आहेत. चारही स्टुलांची मिळून किंमत एका भारी साडीइतकीही नव्हती. हा हिशेब आम्ही उशिरा केला. बंधूंनो, आपण आजच करावा.