रुग्णालयाची वास्तू : लोकांची संमती आणि लोकांचा सल्ला

रुग्णालयाची इमारत म्हणजे उपचारांवर घातलेले नुसते छप्पर नव्हे. ती उपचाराचेच एक अंग होय. हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयविषयक ग्रंथात खेळती हवा, सूर्यप्रकाश आणि खाटांभोवतीची मोकळी जागा यांचा रुग्णाच्या प्रकृतीशी असलेला संबंध आग्रहाने मांडला होता. पुढे रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांच्या नोंदी तपासून आपले निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर ज्यांच्यापुढे विटांची भिंत होती त्यांचा ८.७० दिवसांचा भरला. पहिल्या गटास तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

या दोन्ही विवेचनांत रुग्ण हा सर्वसामान्य मनुष्य म्हणून गृहीत धरलेला आहे. हवा व प्रकाश यांची गरज सर्वत्र सारखीच. परंतु भीती, परकेपणा आणि आश्वस्तता यांची कारणे समाजासमाजांत भिन्न असतात. शिवाय औषधाचा गुण येण्यापूर्वी रुग्णाने दाराशी यावे लागते. तो का येत नाही, याचे उत्तर वास्तुविशारदाच्या नकाशात सापडत नाही. ते लोकांनाच विचारावे लागते.

याचे बोधप्रद उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आढळते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. परिसरातील गोंड आदिवासींना, तुम्ही मोठ्या रुग्णालयात का जात नाही, असे विचारले असता मिळालेली उत्तरे उपचारांविषयी नव्हती. भव्य इमारतीत माणूस हरवतो. तेथील भाषा समजत नाही. आप्तांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. आणि डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे नेसतात, तर आपल्याकडे प्रेत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात, असे त्यांचे म्हणणे होते.

यांतील शेवटचे उत्तर विशेष विचारणीय आहे. वैद्यकीय व्यवसायात शुभ्र रंग स्वच्छतेचे चिन्ह मानला जातो. येथे तेच चिन्ह मृत्यूचे वाचक ठरले. वास्तू आणि वेष यांनाही एक प्रकारची भाषा असते, व ऐकणाऱ्याच्या संकेतव्यवस्थेनुसार तिचा अर्थ बदलतो. बोलणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी ऐकणाऱ्यास लागलेला अर्थ त्यामुळे पालटत नाही.

या उत्तरांतून शोधग्राम येथे १९९३ साली सुरू झालेल्या रुग्णालयाची रचना आकारास आली. एका प्रचंड इमारतीऐवजी आदिवासी गावासारख्या झोपड्या, आणि रुग्णासमवेत आप्तांना राहण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. लोकांच्याच इच्छेनुसार त्यास त्यांच्या देवीचे नाव मिळाले : ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. ज्या नावाची भीती वाटत नाही, त्या नावाच्या दारातून आत जाणे सुलभ होते.

अर्थात या पद्धतीस मर्यादा आहेत. शस्त्रक्रियागृहाचे निर्जंतुकीकरण किंवा संसर्गजन्य रुग्णांचे विलगीकरण हे बहुमताने ठरवावयाचे विषय नव्हेत. आप्तांचे सान्निध्य आणि संसर्गाचे नियंत्रण यांत प्रसंगी विरोधही संभवतो, व तो सोडविण्यास तज्ज्ञच लागतो. तथापि रुग्णाच्या उशाशी कोणी बसावे, त्याचे जेवण कोठे शिजावे, हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत; त्यांबाबतीत अनुभवाचा अधिकार लोकांकडे असतो.

मराठीत ‘लोकांना विचारले’ या एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. आराखडा पूर्ण झाल्यावर ‘हे चालेल ना?’ असे विचारले, म्हणजे मिळते ती संमती. पहिली रेघ ओढण्यापूर्वी ‘तुम्ही का येत नाही?’ असे विचारले, म्हणजे मिळतो तो सल्ला. संमतीने इमारतीस विरोध होत नाही, एवढेच. सल्ल्याने मात्र इमारतच बदलते. लोकसहभागाचा दावा करणाऱ्या कोणत्याही रुग्णालयाची परीक्षा यावरून करावी, की लोकांना विचारल्यामुळे त्याच्या आराखड्यातील नेमकी कोणती गोष्ट बदलली.