ख्रिस्ती धर्मग्रंथातील मध्यस्थीची प्रार्थना : स्वरूप आणि अर्थ

प्रस्तावना

प्रार्थना हे ख्रिस्ती उपासनेचे प्रमुख अंग आहे. आराधना, उपकारस्तुती, पापकबुली आणि याचना असे तिचे प्रकार परंपरेने मानले जातात. स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्यासाठी परमेश्वराजवळ केलेली विनवणी म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना होय. परंतु ईश्वर सर्वज्ञ आणि दयाळू असेल, तर मनुष्याने इतरांच्या वतीने त्याच्याकडे रदबदली करण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न श्रद्धावंताला व अभ्यासकाला सारखाच पडतो. प्रस्तुत लेखात बायबलमधील काही प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

शब्दार्थ

जुन्या करारात या कृतीसाठी काही ठिकाणी ‘पागा’ हे हिब्रू क्रियापद येते. गाठ पडणे, भिडणे, क्वचित तुटून पडणे असे त्याचे अर्थ आहेत. नव्या करारातील ‘एन्टुंखानो’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ भेट घेऊन गाऱ्हाणे मांडणे असा आहे. याच धातूपासून बनलेले नाम त्या काळी राजाकडे करावयाच्या अर्जासाठी वापरले जात असे. दोन्ही शब्दांत समोरासमोर जाण्याची कल्पना समान आहे. मध्यस्थ दुरून शुभेच्छा व्यक्त करीत नाही. तो दोन पक्षांच्या मध्ये जाऊन उभा राहतो.

जुन्या करारातील मध्यस्थ

उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात सदोम नगरासाठी अब्राहाम विनवणी करतो. नगरात ५० नीतिमान आढळले तर ते वाचेल काय, येथून प्रारंभ करून ४५, ४०, ३०, २० आणि शेवटी १० पर्यंत तो येतो. विशेष म्हणजे तो केवळ दयेची भीक मागत नाही. सर्व जगाच्या न्यायाधीशाने नीतिमान व दुष्ट यांना एकाच मापाने मोजावे काय, असा न्यायाचा प्रश्न तो उपस्थित करतो. पुढे नगराचा नाश होतो, मात्र देवाने अब्राहामाची आठवण केल्यामुळे लोट वाचला, असे १९ वा अध्याय सांगतो. प्रार्थनेचे फळ मिळाले, पण ते मागितलेल्या स्वरूपात नव्हते.

निर्गमाच्या ३२ व्या अध्यायातील प्रसंग अधिक गंभीर आहे. सोन्याचे वासरू करणाऱ्या लोकांचा नाश करून मोशेपासूनच मोठे राष्ट्र निर्माण करण्याचा प्रस्ताव परमेश्वर मांडतो. मोशे तो लाभ नाकारतो आणि लोकांना क्षमा होणार नसेल तर आपलेही नाव देवाच्या पुस्तकातून पुसावे, अशी विनंती करतो. अपराध्यांच्या नशिबाशी स्वतःचे नशीब जोडणे, हे मध्यस्थीचे मर्म येथे प्रकट होते. याजक अहरोनाच्या उरपटावरील १२ रत्नांवर इस्राएलाच्या वंशांची नावे कोरलेली असत. ती नावे हृदयावर वागवीत तो पवित्रस्थानात जाई, हे विधान याच भावाचे प्रतीक होय.

लोकांसाठी प्रार्थना करणे थांबविणे म्हणजे परमेश्वराविरुद्ध पाप, अशी शमुवेलाची धारणा होती (१ शमुवेल १२). याउलट, या लोकांसाठी विनवणी करू नकोस, असे यिर्मयाला बजावले जाते (यिर्मया ७). जेथे लोक अन्याय सोडण्यास तयार नाहीत, तेथे मध्यस्थी ही पश्चात्तापाची जागा घेऊ शकत नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

नव्या करारातील विकास

नव्या करारात येशू ख्रिस्त हाच देव व मनुष्य यांच्यातील एकमेव मध्यस्थ मानला आहे (१ तीमथ्य २). तथापि त्याच अध्यायाच्या आरंभी सर्व माणसांसाठी, राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठीही विनंत्या कराव्यात, असा बोध आहे. म्हणजे ख्रिस्ताचे मध्यस्थपण श्रद्धावंतांची प्रार्थना निरर्थक ठरवीत नाही, तर तिला आधार देते. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पवित्र आत्मा आणि ख्रिस्त दोघेही विनंती करतात, असे म्हटले आहे. श्रद्धावंत त्या विनवणीत सहभागी होतो. स्वर्गवासी संतांकडे मध्यस्थीची याचना करावी काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा ती मान्य करतात, प्रॉटेस्टंट परंपरा सामान्यतः करीत नाही.

परिणामकारकतेचा प्रश्न

मध्यस्थीच्या प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ६ रुग्णालयांतील हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा समावेश होता. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही याची खात्री नसलेल्या रुग्णांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के व न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत उद्भवली. प्रार्थना होत असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या गटात हे प्रमाण ५९ टक्के होते.

हे निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारले पाहिजेत. परंतु धर्मग्रंथही प्रार्थनेला हमखास गुणकारी उपाय म्हणून सादर करीत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या १२ व्या अध्यायात मंडळी आग्रहाने प्रार्थना करीत असता पेत्र तुरुंगातून सुटतो. त्याच अध्यायात याकोब मात्र तलवारीने मारला जातो. ग्रंथकार या भेदाचे स्पष्टीकरण देत नाही. गेथशेमाने बागेत स्वतः येशूची विनवणीही ईश्वरी इच्छेच्या स्वाधीन होण्यात पूर्ण होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मध्यस्थीची प्रार्थना ही अनिच्छुक ईश्वराचे मन वळविण्याची युक्ती नव्हे. दुसऱ्याचे दुःख, प्रसंगी त्याचा अपराधही, आपला मानून ईश्वरासमोर उभे राहण्याची ती कृती आहे. स्तेफन आपल्यावर दगडफेक करणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तेव्हा त्याचे प्राण वाचत नाहीत. परंतु वैराला वैराने उत्तर देण्याची साखळी त्याच्यापुरती तुटते. ज्याच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो, त्याच्याविषयी उदासीन राहणे कठीण होते. श्रद्धावंताच्या दृष्टीने प्रार्थनेचे उत्तर ईश्वराधीन आहे; पण ज्याचे नाव प्रार्थनेत घेतले, त्याच्याविषयीचे उत्तरदायित्व प्रार्थना करणाऱ्याकडेच राहते.