चिमटा बदलण्याआधी माप घ्या

आमचा भाचा पुण्यात शिकतो. डोंगरात सायकल चालवण्याचा त्याला भारी शौक. त्याने आपल्या माउंटन बाइकचा पुढचा चिमटा, ज्याला बाजारात शॉकअप म्हणतात, बदलून घेतला. मूळचा चिमटा १०० मिलिमीटर दबणारा होता. त्याजागी कोणाचा तरी वापरलेला १६० मिलिमीटरचा आणला. दुकानदाराने तो बसवून दिला आणि मजुरी घेतली. महिनाभर सायकल छान चालली. मग एका उतारावर हँडलखालच्या नळीचा सांधा फाटला आणि मुलगा तोंडावर आपटला. खांद्याजवळचे हाड मोडले. अल्लाहच्या मेहेरबानीने जीव वाचला.

आम्ही त्या दुकानावर गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. दुकानदार आपल्यातलाच, हात चांगला असलेला कारागीर. तो म्हणाला, "चाचा, गिऱ्हाईकाने मागितले, आम्ही बसवले." हे उत्तर आमच्या गळी उतरले नाही. दोन मीटर कापडात शेरवानी शिवायला कोणी आले, तर कापड पुरणार नाही हे सांगणे विकणाऱ्याचे काम आहे. पन्हा किती, आटणार किती हे गिऱ्हाईकाला ठाऊक नसते, आपल्याला असते. मग चिमट्याच्या धंद्यात काय सांगायला हवे होते, हे समजून घेण्यासाठी आम्ही दोन जाणत्या मिस्त्र्यांजवळ बसलो. जे कळले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

मोटरसायकलकडून सायकलीकडे

डोंगरी सायकलीचा हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात रुजला. तेव्हा चिमटा साधा, न दबणारा असे. पॉल टर्नर या मोटरसायकलच्या क्षेत्रातून आलेल्या माणसाने मोटरसायकलचे तंत्र सायकलीला लावले आणि १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चिमटा जेमतेम २ इंच दबत असे. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे ग्रेग हर्बोल्ड याने असाच चिमटा लावून उताराची शर्यत जिंकली आणि लोकांची शंका फिटली. आज उताराच्या शर्यतीत २०० मिलिमीटर दबणारे चिमटे चालतात.

आत काय असते

चिमट्याला दोन पाय. वरच्या नळ्या खालच्या पायांत सरकतात. चांगल्या मालात वरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या व खालचे पाय ओतीव मॅग्नेशियमचे, तर स्वस्त मालात वरच्या नळ्या लोखंडी. साधारणपणे एका पायात स्प्रिंग असते, दुसऱ्यात तेलाचा डँपर. स्प्रिंग धक्का झेलते. डँपरमधले तेल बारीक भोकांतून व पातळ पत्र्याच्या चकत्यांमधून ढकलले जाते आणि स्प्रिंगचा उधळेपणा आवरते. डँपर नसेल तर चिमटा दबतो आणि लगाम सुटलेल्या घोड्यासारखा परत उसळतो. आपल्या बाजारातल्या स्वस्त "माउंटन" सायकलींच्या पुष्कळशा चिमट्यांत नुसती स्प्रिंगच असते. दिसायला शॉकअप, कामाला अर्धा.

महाग चिमट्यात लोखंडी स्प्रिंगऐवजी बहुधा हवा असते. फायदा दुहेरी. वजन कमी होते आणि स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. यासाठी वेगळा छोटा शॉक पंप लागतो. टायरचा पंप चालत नाही.

नवे काय आले

पहिली गोष्ट जाडी. वरच्या नळ्या पूर्वी बहुतांशी ३२ मिलिमीटरच्या असत, मग ३४, ३५, ३६ च्या आल्या. २०२० मध्ये फॉक्सने ३८ या नावाचा व रॉकशॉक्सने झेब नावाचा, असे ३८ मिलिमीटर नळीचे चिमटे काढले. जाड नळी वाकत नाही, म्हणून चाक धरलेल्या रेषेत राहते. दुसरी गोष्ट हवा सोडण्याची बटणे. घाट चढला की बाहेरचा दाब घटतो आणि खालच्या पायात अडकलेली हवा चिमटा ताठ करते. नव्या मालात पायामागचे बटण दाबले की ती निघून जाते. तिसरी, २०२२ मध्ये रॉकशॉक्सने काही मॉडेलांत आत छोट्या रबरी गाद्या बसवल्या, त्यामुळे खडीची बारीक थरथर हातापर्यंत कमी पोहोचते.

विजेवर चालणारा मालही आला आहे. फॉक्सने २०१८ मध्ये तारेची आणि रॉकशॉक्सने २०२१ मध्ये बिनतारी, बॅटरीची यंत्रणा आणली. ती रस्ता ओळखून चिमटा आपोआप मऊ किंवा ताठ करते. जाड नळ्या वर व बारीक नळ्या खाली, असा उलटा चिमटाही पुन्हा बाजारात आला आहे. फॉक्सचा पोडियम २०२५ मधला आहे. हे सगळे चांगले आहे, पण वरच्या दर्जाच्या मालाची किंमत परदेशात हजार डॉलरच्या वर जाते. आपल्या दुकानी येणाऱ्या शंभरातल्या एखाद्यालाच त्याची गरज असेल.

सुधारणेच्या पायऱ्या

गिऱ्हाईक म्हणते, "चिमटा खराब झाला, नवा सांगा." येथेच कारागिराची पारख होते. पायऱ्या अशा आहेत:

१. आधी जुळवणी. स्वार सायकलवर बसला की चिमटा थोडा दबला पाहिजे. सपाट व साध्या डोंगरी वाटेसाठी एकूण दबण्याच्या १५ ते २० टक्के, खडकाळ उतारासाठी २० ते ३० टक्के. १२० मिलिमीटरच्या चिमट्यात २० टक्के म्हणजे २४ मिलिमीटर. नळीवर रबरी कडी असते, तिने मोजावे. मग परतण्याचा वेग लाल बटणाने जमवावा. चिमटा वारंवार तळ गाठत असेल तर हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे ठोकळे घालतात, त्याने शेवटचा टप्पा ताठ होतो. अनेक तक्रारी येथेच मिटतात.

२. मग सर्व्हिस. खालचे पाय उतरवून साफ करणे, तेल बदलणे, फोमच्या कड्या भिजवणे, ऑइल सील बदलणे. रॉकशॉक्सच्या मालाला हे काम दर ५० तासांच्या स्वारीनंतर सांगितलेले आहे, फॉक्सच्या मालाला १२५ तासांनी. आपल्या धुळीत व पावसाळी चिखलात ते त्याआधीच करणे बरे. भाच्याचा जुना १०० मिलिमीटरचा चिमटा आम्ही मिस्त्रीकडे उघडवला. आत तेलाचा थेंब नव्हता. साफ करून तेल व सील घातल्यावर तो लोण्यासारखा चालू लागला.

३. डँपर बदलणे. चौकट तीच ठेवून आतला चांगल्या प्रतीचा डँपर घालता येतो. मात्र मॉडेल व साल जुळले पाहिजे, कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत पाहिल्याशिवाय मागवू नये.

४. हवेचा दांडा बदलणे. काही चिमट्यांत लांब-आखूड दांडा घालून दबण्याचे माप १०-१० मिलिमीटरने बदलता येते. फ्रेमची मर्यादा येथेही पाळावी.

५. सर्वांत शेवटी नवा चिमटा. नुसत्या स्प्रिंगच्या स्वस्त चिमट्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, त्याला बदलणे हाच उपाय. स्वार शहरातच फिरत असेल तर साधा न दबणारा चिमटा हलका आणि बिनत्रासाचा, हे सांगायला लाजू नये.

नवा घेताना पाच मापे

दांडी पाहा. जुन्या फ्रेमला सरळ १⅛ इंची दांडी लागते. नव्या चिमट्यांची दांडी बहुतेक निमुळती, वर १⅛ व खाली १½ इंच. ती जुन्या सरळ नळीत जात नाही. वापरलेल्या चिमट्याची दांडी आधीच कापलेली असते, तिची लांबी मोजा. कापलेले कापड आणि कापलेली दांडी वाढत नाही.

चाक पाहा: २६, २७.५ की २९ इंच. ॲक्सल पाहा: जुना ९ मिलिमीटरचा, की १५ मिलिमीटरचा, आणि १५ चा असेल तर हबची रुंदी १०० की ११०. ब्रेक पाहा. नव्या चिमट्यांना बहुधा डिस्कचीच सोय असते, रिमवरच्या ब्रेकचे खुंट नसतात.

पाचवे माप दबण्याचे, आणि ते सर्वांत मोलाचे. चिमटा साधारण २० मिलिमीटरने लांब झाला की हँडलच्या नळीचा कोन सुमारे १ अंशाने मागे कलतो. शिवाय लांब चिमटा तरफेसारखा फ्रेमच्या तोंडावर जोर टाकतो. १०० च्या फ्रेमला १६० चा चिमटा म्हणजे ६० मिलिमीटर जास्त. आमच्या भाच्याची फ्रेम येथेच फाटली. फ्रेम किती लांब चिमटा झेलेल हे बनवणारी कंपनी ठरवते. त्या आकड्यापलीकडे जाऊ नये, गिऱ्हाईकाने कितीही आग्रह धरला तरी.

कारागिरांसाठी संधी

चिमटे बदलणारे पुष्कळ, उघडून नीट करणारे थोडे. मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचे सील ज्या उस्तादांनी आयुष्यभर बदलले, त्यांना हे काम परके नाही. फक्त सवयी बदलाव्या लागतील. उघडण्याआधी हवा पूर्ण सोडणे, नाहीतर भाग गोळीसारखा उडतो. रॉकेल-पेट्रोलने धुण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणे, कारण सील फुगतात. तेल अंदाजाने न ओतता सिरिंजने मिलिलिटरमध्ये मोजणे. आणि पुसायला गॅरेजमधले कॉटन वेस्ट नको. त्याचा एक धागा सीलखाली गेला की तेल झिरपलेच. कापडवाले म्हणून एवढे आम्ही नक्की सांगू शकतो: सूत न सोडणारे मायक्रोफायबरचे कापडच घ्यावे.

यात भांडवल थोडे आणि कसब जास्त लागते. नवा चिमटा विकून एकदाच नफा होतो. सर्व्हिसचे गिऱ्हाईक मात्र दर हंगामाला परत येते, आणि चार मित्र बरोबर आणते.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देण्याचा प्रसंग आपण सर्वांनी मक्तबमध्ये ऐकला आहे. मालातला ऐब झाकू नये, हे आपल्याला पाठ आहे. पण न जुळणारा माल जुळतो म्हणून बसवून देणे आणि गप्प राहणे, हाही ऐब झाकण्याचाच प्रकार आहे, असे आम्हाला वाटते. तो दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने एक प्रश्न विचारला नाही, एवढेच. पुढे तो स्वतः भाच्याला भेटायला आला, मजुरीचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, आता दुकानात फूटपट्टी टांगली आहे. ती फूटपट्टी प्रत्येक दुकानात असावी, एवढीच आमची विनंती.