लहान लाटेची फळी

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरी सर्फिंगची जागतिक स्पर्धा भरली होती. देशोदेशीचे नामवंत खेळाडू जमले, पण समुद्राने त्यांची निराशा केली. लाटा आल्या त्या लहान आणि दुबळ्या. या पाण्यात पहिला क्रमांक जिम ब्लेअर्सने मिळवला आणि दुसरा डेव्हिड नुउहीवाने. दोघांच्याही पायांखाली आखूड, रुंद, मागे माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली फळी होती. तिला नावच ‘फिश’ पडले आहे. पाच वर्षांपूर्वी याच शहरातल्या स्टीव्ह लिस नावाच्या पोरसवदा मुलाने ती बनवली होती, तीही उभे राहण्यासाठी नव्हे, गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी!

मला ही हकिकत कळली ती माझ्या सोळा वर्षांच्या नातीकडून. मुलीकडे सॅन डिएगोला सहा महिने राहायला गेलो होतो. त्या मुक्कामात नातीने गॅरेजमध्ये आपली पहिली फळी बनवायला घेतली आणि टेपचे दुसरे टोक धरायला मी होतो. “तयार का नाही घेत?” असे जावयांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “विकत घेतली तर ती का चालते ते कळणार नाही, बाबा.”

गॅरेजच्या भिंतीवर हवाईच्या एका अजस्र लाटेचा फोटो होता. मला वाटले, फळी त्या लाटेसाठी असणार. पण सलग दोन आठवडे ती रोज सकाळी घराजवळच्या किनाऱ्यावर जाऊन वहीत लाटांची उंची लिहीत होती. बहुतेक नोंदी दोन फुटांच्या आसपास. बँकेत असताना शेतीकर्जाचे अर्ज मी वर्षानुवर्षे तपासले. चार एकरांच्या धन्याला वीस एकरांचा ट्रॅक्टर हवा असे. आधी जमीन मोजून मग यंत्राचा विचार करणारा अर्जदार क्वचितच भेटे. नातीची वही पाहून मी मनातल्या मनात कर्ज मंजूर करून टाकले.

लहान लाटेसाठी वेगळी फळी कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. लाट फुटते ती साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात, आणि तिथला तिचा वेग त्या खोलीवर ठरतो. दोन फुटांची लाट ताशी दहाएक किलोमीटरने किनाऱ्याकडे येते, आठ फुटांची वीसेक किलोमीटरने. पाणी फळीला वर उचलते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वेग निम्मा झाला की आधार चौथाईवर येतो. ही तूट भरून काढायची तर पाण्यावर टेकणारा पृष्ठभाग वाढवायला हवा.

नातीची फळी साडेपाच फूट लांब, एकवीस इंच रुंद आणि मधोमध अडीच इंच जाड. या मापांची पेटी केली तर तीत ५७ लिटर पाणी मावेल. निमुळती टोके आणि गोल काठ वजा जाता उरतात सुमारे ३२ लिटर. पोरीचे वजन ५२ किलो. म्हणजे स्थिर पाण्यात ती या फळीवर उभी राहिली तर फळी बुडणारच. तरते ती फक्त धावताना.

हे गणित बॉब सिमन्स या कॅलिफोर्नियाच्याच माणसाने फार पूर्वी ओळखले होते. वेगवान नौकांच्या तळाविषयी लिंडसे लॉर्ड यांचा ग्रंथ १९४६ साली आला. त्याच्या आधारे सिमन्सने रुंद आणि हलक्या फळ्या घडवल्या. १९५४ च्या सप्टेंबरात विंडनसीच्या किनाऱ्यावर लाटांतच त्याचा अंत झाला. वय अवघे पस्तीस.

फळीचा गाभा थर्मोकोलचा होता. आपल्याकडे गणपतीच्या मखरांसाठी वापरत तोच, फक्त अधिक घट्ट आणि मधून लाकडाची पट्टी घातलेला. नेहमीच्या पॉलिएस्टर राळेने तो विरघळतो, म्हणून वर काचतंतूंचे कापड चढवायचे ते एपॉक्सीने.

प्लायवुडमधून अर्ध्या फळीचा साचा कापला होता. तो पट्टीच्या एका बाजूला ठेवून रेघ मारायची, मग उलटा करून दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन्ही अंगे सारखी येतात. करवतीने बाह्याकृती काढली, विजेच्या रंध्याने जाडी उतरवली. तळाचा बाक तिने मुद्दाम कमी ठेवला. सपाट तळ संथ पाण्यातही सुटतो. मात्र उभ्या, मोठ्या लाटेवर अशा फळीचे नाक पाण्यात घुसते आणि रुंद शेपूट ताब्यात राहत नाही. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. भिंतीवरच्या फोटोतली लाट ही फळी कधीच घेणार नव्हती, आणि नातीला ते ठाऊक होते.

काठ गोल करताना तिने वरचा दिवा मालवून फळीच्या पातळीला दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट लावल्या. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. नाकातोंडावर मास्क लावून ती तासन्‌तास पॉलिश पेपर फिरवी, मग डोळे मिटून काठावरून हात फिरवी. “आबा, इथे बघ, डावीकडे जास्त आहे,” म्हणे. मला काही लागत नसे. कॅलिपर लावला की दोरीएवढा फरक निघेच. आमचे जुने सुतारही रंधलेल्या फळीवरून असाच हात फिरवत.

शेवटी मागे लाकडाचे दोन रुंद पर बसवले आणि आठवडाभर फळी सुकत ठेवली. तिचे वजन जेमतेम तीन किलो भरले.

त्या रविवारी लाटा नेहमीसारख्याच होत्या, गुडघाभर. इतरांच्या अरुंद फळ्या मधेच अडखळून थांबत होत्या. नातीची पहिल्या चार वेळा निसटली. पाचव्यांदा ती उभी राहिली आणि मरगळलेल्या त्या पाण्यावरून पार वाळूपर्यंत आली. फळी काखेत मारून वर आली तेव्हा म्हणाली, “उजवीकडे वळायला जड जाते. पुढची अर्धा इंच अरुंद करीन.”