रंग चमकला, पण बसला कुठे?

डीएनएच्या द्रावणात इथिडियम ब्रोमाइड टाकलं की त्याची चमक साधारण २० पटीने वाढते. मोकळ्या पाण्यात या रेणूने घेतलेली प्रकाशऊर्जा आजूबाजूच्या पाण्यामुळे वाया जाते. डीएनएमध्ये त्याला पाण्यापासून आडोसा मिळतो आणि तीच ऊर्जा नारिंगी प्रकाश होऊन बाहेर पडते.

आता डीएनए म्हणजे पिळलेली शिडी समजा. दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. चपटा इथिडियम त्यांच्या मध्ये सरकतो, ते अंतर जवळपास दुप्पट होतं आणि पीळ सुमारे २६ अंशांनी सैल पडतो. हे इंटरकॅलेशन. लर्मन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली.

होक्स्ट ३३२५८ मात्र पायऱ्यांमध्ये शिरतच नाही. तो शिडीच्या अरुंद खाचेत बसतो, तेही ए-टी जोड्या सलग असतील तिथे. जी-सी जोडी आली की ग्वानिनचा अमिनो गट खाचेत आडवा येतो. गंमत म्हणजे चमक त्याचीही वाढते!

म्हणून नुसती चमक पाहून ‘इंटरकॅलेशन झालं’ असं लिहू नका. पहिल्या वर्षी मी तेच लिहिलं होतं. सरांनी एकच विचारलं, “व्हिस्कॉसिटी मोजलीस का?” रेणू पायऱ्यांमध्ये शिरला तर डीएनए लांबतो आणि द्रावणाची व्हिस्कॉसिटी वाढते. खाचेत बसला तर फारसा फरक पडत नाही. चमक सांगते, रेणू चिकटला. कुठे चिकटला, ते दुसऱ्या प्रयोगालाच विचारावं लागतं.