ठेकेदारामार्फत नोकरी : आधी हिशेब समजून घ्या

ऊसतोडीची टोळी आणणारा मुकादम इंदापूर-बारामतीला नवा नाही. तो कारखान्याकडून उचल घेतो, माणसे जमवितो आणि कामावर कमिशन मिळवितो. औद्योगिक वसाहतीतील कामगार पुरवठादार हाच धंदा कागदोपत्री करतो. वरकुटे परिसरातील तरुण बारामती किंवा लोणी देवकरच्या कारखान्यात राबतो, पण त्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते.

पुरवठादार दोन प्रकारचे असतात. एक माणूस मिळवून देऊन मालकाकडून एकदाच फी घेतो. दुसरा माणूस आपल्याच पटावर ठेवून दरमहा बिल लावतो.

समजा, पगार १५,००० रुपये आहे आणि तो सर्व कपातीस पात्र आहे. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० व ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये कामगाराचे कापले जातात. मालकाच्या वाट्याचे १२ व सव्वातीन टक्के बिलात वेगळे चढतात. त्यावर ठेकेदाराचा सेवा आकार आणि १८ टक्के जीएसटी.

गडबड होते ती येथेच : कपात होते, भरणा होत नाही. म्हणून कामगाराने आपला यूएएन क्रमांक घेऊन पासबुक दरमहा पाहावे.

माणसे घेणाऱ्या व्यापारी बंधूंनीही बिलासोबत भरण्याचे चलन मागावे. ठेकेदाराने वेतन थकविल्यास मूळ मालकाने ते द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही, ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे, ते कायम आहे. स्वस्त ठेकेदार शेवटी महाग पडतो.