डोंगल परत करू नका, आधी गेन कमी करा!

पॉकेटमनी साठवून तुम्ही एसडीआरचं डोंगल मागवलंत. बॉक्स फोडला, लॅपटॉपला लावलं, सॉफ्टवेअर चालू केलं आणि... खरखर. नुसती खरखर. जे स्टेशन खालच्या चहाच्या टपरीवर दिवसभर दणदणीत वाजतं, ते इथे पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतंय. रिटर्नची मुदत संपायला दोन दिवस उरलेत आणि सोमवारी गाइडना डेमो दाखवायचाय. थांबा! माझंही सेम असंच झालं होतं. मी तर हॉस्टेलवर बसून परतीचा फॉर्मही भरून टाकला होता. शेवटी कळलं की डोंगल ठणठणीत होतं, घोळ मीच घातला होता.

हे डोंगल मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनलेलं. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे आकडे थेट कॉम्प्युटरला देऊ शकते, हे २०१२च्या सुमारास काही हौशी डोक्यांच्या लक्षात आलं आणि टीव्हीच्या खेळण्याचा रेडिओ झाला. स्टेशन निवडणं, फिल्टर लावणं, आवाज काढणं ही सगळी कामं आता सॉफ्टवेअर करतं. म्हणजे बिघडायच्या जागाही वाढल्या!

डोंगल सॉफ्टवेअरला दिसतच नसेल, तर तो ड्रायव्हरचा प्रश्न. विंडोजवर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने योग्य ड्रायव्हर बसवा. लिनक्सवर टीव्हीचा ड्रायव्हर डोंगल आधीच पकडून बसतो, त्याला बाजूला करा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पुढे चला.

आता कान बंद, डोळे उघडे. एसडीआरची खरी मजा स्क्रीनवर आहे. एफएमचं स्टेशन ग्राफमध्ये रुंद, हलत्या टेकाडासारखं दिसतं. टेकाड स्पष्ट दिसतंय पण आवाज फाटका येतोय? मग बहुतेक मोड चुकलाय. वॉकीटॉकीसाठीचा 'नॅरो एफएम' मोड असेल तर तो 'वाइड' करा. एफएम स्टेशनचा सिग्नल मधल्या फ्रिक्वेन्सीपासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलतो. त्याला साडेबारा किलोहर्ट्झच्या फटीतून काढायला गेलात तर तो कापला जाणारच. फिल्टर १८० ते २०० किलोहर्ट्झवर ठेवा. आवाज कर्कश वाटला तर 'डीएम्फसिस' शोधा. आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५.

टेकाडच दिसत नसेल, तर अँटेना. सोबत आलेली वीतभर काडी एफएमसाठी तोकडी आहे. हिशोब सोपा आहे : ३०० भागिले ९८, म्हणजे एफएमच्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर. तिचा पाव भाग म्हणजे ७५ सेंटिमीटर. तेवढ्या लांबीचे वायरचे दोन तुकडे घ्या, एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरा बाहेरच्या जाळीला जोडा आणि खिडकीबाहेर एका रेषेत ताणा. उभं करून बघा, आडवं करून बघा. आजोबा रेडिओची काडी फिरवत बसायचे ना, तेच! फक्त लोखंडी ग्रिलच्या आत अँटेना ठेवून चमत्काराची अपेक्षा करू नका.

आणि आता माझा घोळ. आवाज नीट येईना म्हणून मी गेन वाढवत गेलो, थेट शेवटपर्यंत, ४९.६ डेसिबलवर. स्क्रीन टेकाडांनी भरून गेली. मला वाटलं, वा, किती स्टेशनं! प्रत्यक्षात निम्मी भुतं होती. १०३.१वर दोन गाणी एकमेकांत कालवलेली ऐकू येत होती. पुण्यात १०३.१ला असं स्टेशन कुठून आलं? कागद घेतला. ९८.३ची दुप्पट १९६.६, त्यातून ९३.५ वजा केले, उरले १०३.१! दोन तगडी स्टेशनं डोंगलच्या अँप्लिफायरमध्ये घुसून आपसात गुणाकार करत होती. गंमत म्हणजे स्क्रीनवर एका वेळी जेमतेम दोन-सव्वादोन मेगाहर्ट्झचा तुकडा दिसतो, त्यामुळे भांडण लावणारी दोन्ही स्टेशनं तुम्हाला दिसतही नाहीत.

भूत ओळखायची युक्ती सांगतो. गेन एकेक पायरी खाली आणा. खरं स्टेशन थोडं थोडं उतरतं, भूत मात्र धपकन गायब होतं. शहरात, टॉवरच्या आसपास राहत असाल तर गेन निम्म्यावरही पुरतो. ऑटोमॅटिकवर विसंबू नका, हाताने लावा. आधी शून्य, मग हळूहळू वर. टेकाड उंच होतंय पण तळाची खरखर वाढत नाहीये, तोवर ठीक. तळही त्याच वेगाने वर यायला लागला की थांबा.

अजून खरखर आहे? लॅपटॉपचा चार्जर काढा. खरंच काढा. माझ्या स्क्रीनवरच्या सरकत्या रेघांपैकी अर्ध्या त्या क्षणी गेल्या, उरलेल्या रूममेटचा एलईडी दिवा बंद केल्यावर. डोंगलही यूएसबीच्या एक्स्टेंशन केबलने लॅपटॉपपासून लांब ठेवा. सिग्नल कमजोर असेल तर स्टिरिओ बंद करा. डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झवर बसून येतो, आणि एफएममधली खरखर जितकं वर जाल तितकी वाढते. मोनो केलं की ती बरीचशी कापली जाते.

आवाज तुटक येत असेल तर सँपल रेट कमी करा, जुन्या लॅपटॉपला २.४ झेपत नसेल. पीपीएम करेक्शनवर मात्र रात्र घालवू नका. क्रिस्टल ५० पीपीएमने चुकलं तरी ९८ मेगाहर्ट्झला फरक पडतो जेमतेम पाच किलोहर्ट्झचा. २०० किलोहर्ट्झच्या दारातून तो सहज जातो. मी घालवली होती, म्हणून सांगतोय.

एवढं करूनही स्क्रीन सपाटच राहिली, तर मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही तसंच? मग खुशाल परत पाठवा. बॉक्स फेकला नाहीत ना?